खेळलेल्या गेमबद्दल मत कसं लिहावं आणि गुण कसे द्यावेत

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. खेळून झालेल्या प्रत्येक गेमची नोंद मी तिच्यात करते. सुरुवातीच्या दिवसांतली एक नोंद अशी आहे: 'मस्त गेम. ग्राफिक्स भारी. ९/१०.' वर गेमचं नाव लिहिलेलं आहे, तरी ही ओळ वाचून मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी कुठे अडकले, काय आवडलं, कोणाला सुचवावा, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिथे नाही. काही पानं पुढे 'सेलेस्ट'ची नोंद आहे: 'हॉटेलचा मालक मागे लागतो तिथे सव्वा तास गेला. अंगठा दुखला. तरी बंद करावंसं वाटलं नाही, कारण मेलं की क्षणात पुन्हा त्याच जागी उभी.' इथे आकडा नाही. पण ही ओळ वाचली की ती संध्याकाळ, ते हॉटेल आणि माझा दुखरा अंगठा सगळं परत येतं आणि गेम कसा होता हे मी कोणालाही सांगू शकते.

गेमबद्दल लिहायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही फक्त स्वतःसाठी लिहीत असाल किंवा मित्रांना दाखवायला, पद्धत तीच. आधी खेळताना काय झालं ते लिहायचं, मग ते का झालं ते शोधायचं, आणि आकडा सगळ्यात शेवटी द्यायचा.

पहिली पायरी: खेळायला बसण्यापूर्वी चार गोष्टी टिपून ठेवा

तारीख. कशावर खेळताय: मोबाइल, लॅपटॉप, प्लेस्टेशन, काय असेल ते. कठीणपणाची कोणती पातळी निवडली. आणि एकट्याने खेळताय की कोणासोबत.

यात काय एवढं, असं वाटेल. पण तोच गेम जुन्या लॅपटॉपवर अडखळत चालतो आणि नव्या यंत्रावर लोण्यासारखा. भावासोबत सोफ्यावर बसून खेळलेला गेम एकट्याने खेळलात तर तासाभरात कंटाळा येऊ शकतो. पुढे मत लिहाल तेव्हा वाचणाऱ्याला कळायला हवं की तुम्ही कुठे उभं राहून बोलताय.

तारखेचं महत्त्व तर गेल्या काही वर्षांत फारच वाढलंय, कारण हल्ली गेम विकत घेतल्यानंतरही बदलत राहतो. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. जून २०२१ मध्ये तो परत आला आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने त्याचं रूपच पालटलं. 'नो मॅन्स स्काय'चंही तसंच. २०१६ साली लोक त्यावर भडकले होते, २०१८ च्या मोठ्या अपडेटनंतर तेच लोक परत आले. दोन्ही वेळची मतं खरी होती. पण मतावर तारीख नसेल तर आज वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

दुसरी पायरी: थांबलात की दोन ओळी लिहा

गेम संपल्यावर एकदम सगळं लिहू म्हणाल तर फक्त शेवट आठवेल. चांगल्या शेवटाने मधले कंटाळवाणे दहा तास विसरायला होतात आणि वाईट शेवटाने मधलं सुंदर सगळं झाकलं जातं. म्हणून रोज खेळून उठताना दोनच ओळी लिहा: आज काय केलं, आणि का थांबले.

दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. 'झोप आली म्हणून थांबले' आणि 'तोच रस्ता चौथ्यांदा चालायला सांगितला म्हणून थांबले' यांत गेमचं अर्धं परीक्षण आलं. आठवडाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की तुमचं मत तुम्हालाच दिसायला लागतं.

तिसरी पायरी: किती खेळल्यावर मत द्यावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर असं: कितीही खेळून मत द्या, पण किती खेळलात ते पहिल्या दोन वाक्यांत सांगा.

'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) घ्या. त्याची सुरुवात बर्फाळ डोंगरात होते. तिथे घोडासुद्धा पावलापावलाने बर्फ तुडवत जातो. त्या भागात कंटाळून ज्याने गेम सोडला त्याने पुढचं मोकळं जग पाहिलेलंच नाही. त्याने 'हा गेम वाईट आहे' म्हणणं बरोबर नाही. पण 'पहिले दोन तास इतके संथ होते की मी सोडला' हे वाक्य पूर्ण खरं आहे, आणि दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला ते उपयोगाचंही आहे.

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. त्यामुळे पहिल्या दोन तासांबद्दल वेगळी ओळ लिहायची सवय लावा. विकत घ्यावा की नाही या विचारात असलेल्यांना तीच ओळ हवी असते.

मोबाइलवरच्या फुकट गेमना 'संपवणं' नसतंच. तिथे मी वेगळं मोजते: दोन आठवडे खेळते आणि तीन गोष्टी लिहिते. जाहिरात किती वेळाने येते, पैसे न भरता कुठे अडतं, आणि पैसे भरणारा माझ्यापेक्षा जिंकण्यात पुढे जातो की फक्त कपडे भारी घालतो. शेवटचा फरक मोठा आहे. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'मध्ये पैसे बहुतेक कपड्यांत आणि बंदुकीच्या रंगरूपात जातात. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम मी खेळले, त्यात दर दोन शर्यतींनंतर पेट्रोल संपायचं आणि जाहिरात पाहिली तरच भरायचं. शर्यत चांगली होती. पण तासाभरातली वीस मिनिटं जाहिरातींत जात असतील तर ती वीस मिनिटंही गेमचाच भाग आहेत आणि मताच्या हिशेबात ती धरायलाच हवीत.

चौथी पायरी: हाताला काय जाणवलं ते लिहा

या पायरीवर जरा थांबू या, कारण बहुतेक लोक ही गाळतात. कथा, चित्रं, संगीत यांवर सगळे लिहितात. गेम मात्र आधी हाताने खेळायची गोष्ट आहे.

मागच्या दिवाळीत बहिणीचा मुलगा आला होता, अकरावीतला. त्याला मी जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावून दिला, मी लहानपणी कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळले होते तोच. पहिल्याच लेव्हलमध्ये तो खड्ड्यात पडला. पुन्हा पडला.

"मावशी, मी उडी दाबली होती!"

"कधी दाबलीस?"

"बरोबर काठावर. हा ऐकतच नाही. कंट्रोल बेकार आहेत."

मी म्हटलं, 'बेकार' हा शब्द सोडून काय होतंय ते सांग. त्याला राग आला, पण त्याने अजून दहा-बारा उड्या मारल्या, पडला, पाहिलं, आणि मग म्हणाला, "उडी दाबली की तो आधी चालू असलेलं पाऊल पूर्ण करतो, मग उडतो. म्हणजे मला एक फरशी आधीच दाबावं लागतं."

हे झालं परीक्षणातलं वाक्य. 'कंट्रोल बेकार' वाचून कोणालाच काही कळत नाही. हे वाक्य वाचून मात्र एकजण म्हणेल, 'मला असं जड चालणारं पात्र नको', आणि दुसरा म्हणेल, 'वा, म्हणजे प्रत्येक उडी आधी ठरवायची.' दोघांचंही काम झालं.

त्यानंतर 'का' शोधायचं. हा गेम जॉर्डन मेकनर यांनी केला, १९८९ साली अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना व्हिडिओवर चित्रित केलं आणि एकेक चौकट पाहून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. खरा माणूस धावता धावता हवेत वळत नाही, म्हणून राजपुत्रही वळत नाही. दोन मजले पडला तर ताकदीचा एक भाग जातो, तीन मजले पडला तर मरतोच. हातात मोजून साठ मिनिटं. त्या जडपणामुळेच काठावर लटकलेला राजपुत्र पाहताना आपल्या पोटात गोळा येतो. भाच्याने हे ऐकलं आणि पुन्हा खेळायला बसला. त्याला गेम फार आवडला असं नाही, पण न आवडण्याचं कारण आता त्याला नेमकं सांगता येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला 'सेलेस्ट' (२०१८) दिला. इथेही उड्याच, आणि राजपुत्रापेक्षा कितीतरी कठीण. पण इथे डोंगर चढणाऱ्या नायिकेचा, मॅडेलिनचा, पाय कड्यावरून सुटला तरी पुढचा क्षणभर उडीचं बटण चालतं. गेम करणाऱ्यांनी ही सवलत मुद्दाम ठेवली आहे. या युक्तीला गेमच्या धंद्यात 'कायोटी टाइम' म्हणतात. खेळणाऱ्याला ती दिसत नाही, फक्त 'हा गेम माझं ऐकतो' असं वाटत राहतं. भाचा एकाच पडद्यावर चाळीसेक वेळा मेला आणि एकदाही 'मी दाबलं होतं' म्हणाला नाही. ही गोष्ट मी लगेच वहीत लिहिली.

तुमच्या गेममध्ये उड्या नसतील. तरी हाताची गोष्ट असतेच. गाडी वळवताना मागचं चाक घसरल्यासारखं वाटतं का? तलवार लागली की बसल्यासारखी वाटते की हवेतून गेल्यासारखी? शेतीच्या गेममध्ये पन्नास रोपांना पाणी घालताना पन्नास वेळा बटण दाबावं लागतं का, आणि पुढे त्यातून सुटका मिळते का? 'स्टारड्यू व्हॅली'त हीच सुटका बक्षीस म्हणून येते: आधी झारीने एकेक वाफा भिजवायचा, मग तुषार सिंचनाचं यंत्र मिळवायचं. ज्याने झारी घेऊन सकाळ घालवली आहे त्यालाच त्या यंत्राचा आनंद कळतो.

पाचवी पायरी: काही शब्द बाजूला ठेवा

भारी, खतरनाक, बकवास, ओव्हररेटेड, 'ग्राफिक्स मस्त'. बोलताना हे शब्द मीही वापरते. लिहिताना असा शब्द आला की त्याखाली रेघ ओढा आणि स्वतःला विचारा, 'म्हणजे काय?' उत्तर मिळालं की शब्द खोडून उत्तर ठेवा. 'ग्राफिक्स मस्त' म्हणजे काय? पाणी खरं वाटतं? रंग मोजकेच आहेत पण शत्रू लगेच ओळखू येतो? अंधारात दिव्याचा प्रकाश भिंतीवर हलतो? एवढंच लिहा. नवख्यासाठी यापेक्षा मोठा व्यायाम मला माहीत नाही.

सहावी पायरी: आवडणं आणि चांगलं असणं, दोन वेगळ्या ओळी

'व्हाइस सिटी' २००२ साली आला. आमच्या घरच्या पहिल्या कॉम्प्युटरवर दादा आणि मी तो आळीपाळीने खेळायचो. माझ्या मनात त्याला पैकीच्या पैकी होते. काही वर्षांपूर्वी पुन्हा खेळले. रात्रीची ती गुलाबी-निळी शहराची पाटी, गाडीत लागणारा रेडिओ, समुद्राकाठचा रस्ता, यांची जादू तेवढीच. पण बंदुकीचा नेम धरताना हाताची कसरत होते, आणि लांबलचक मिशनच्या शेवटी मेलं की सगळं पहिल्यापासून. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायचं ते मिशन ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग मी दोन ओळी लिहिल्या. 'मला आवडतो, कारण त्यात माझं बारावीपर्यंतचं घर आहे.' आणि, 'आज पहिल्यांदा खेळणाऱ्याला मिशनं त्रासदायक वाटतील, शहर मात्र अजून जिवंत वाटेल.' पहिली ओळ लपवायची गरज नाही. ती लिहिली म्हणूनच दुसरीवर विश्वास बसतो. उलटही लिहा: 'उत्तम बनवलाय, पण माझ्यासाठी नाही.' मला भीतीचे गेम सोसत नाहीत. तसं स्पष्ट लिहून मी त्यांना आकडाच देत नाही.

सातवी पायरी: आता मोजपट्टी

वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे वेगवेगळं सांगतात, हे आधी समजून घ्या. स्टीमवर '९५ टक्के' दिसतं तेव्हा त्याचा अर्थ गेमला शंभरात ९५ गुण मिळाले असा होत नाही. मत नोंदवणाऱ्या दर १०० जणांपैकी ९५ जण 'सुचवतो' म्हणाले, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना बरा वाटलेला, पण कोणालाच वेड न लावणारा गेमही ९५ टक्क्यांवर जाऊ शकतो. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतं, आणि त्यातही काही प्रकाशनांना जास्त वजन देतं. जपानच्या 'फामित्सू' मासिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात, बेरीज चाळीसपैकी. तिथे पहिल्यांदा पूर्ण चाळीस मिळाले ते १९९८ साली 'झेल्डा'च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'ला. युरोगेमर या गेमच्या संकेतस्थळाने २०१५ साली गुण देणंच बंद केलं आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांसह ते पुन्हा सुरू केलं. म्हणजे मुरलेल्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. तुम्हाला अवघड वाटला तर त्यात नवल नाही.

आकड्याने माणसांच्या पोटावरही परिणाम होतो. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले असते तर तो करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता, असं तिथल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितलं. गेमला ८४ मिळाले. तेव्हापासून एखादा गुण उगाच कापताना माझा हात थांबतो, आणि उगाच देतानाही थांबतो.

नवख्यांनी पाचाची पट्टी घ्यावी. पहिलं वर्ष अर्धे गुणही नकोत. शंभराची पट्टी घेतलीत तर ७८ आणि ८१ मधला फरक सांगताना घाम फुटेल. दहाची घेतली तर सगळे गेम सात ते नऊच्या मध्ये गर्दी करतात, कारण शाळेत पस्तिसाला पास होऊनही साठाच्या खाली म्हणजे वाईट हे आपल्या अंगात भिनलंय. पाचात तीन म्हणजे खरोखर मधला.

माझी पट्टी अशी. पाच: मी आपणहून लोकांना फोन करून सांगेन. चार: चांगला, कोणाला आवडेल ते विचारून सुचवेन. तीन: वेळ वाया गेला नाही, एखादी गोष्ट लक्षात राहील. दोन: एकच चांगली कल्पना, बाकी ओढाताण. एक: सोडला आणि चुकल्यासारखं वाटलं नाही.

शब्द ठरले की प्रत्येक पातळीवर एक खुंटी ठोका. खुंटी म्हणजे तुम्ही नीट खेळलेला एक गेम. माझ्या पाचावर 'सेलेस्ट' आहे, एकावर तो पेट्रोलवाला शर्यतीचा गेम. नवा गेम आला की आकडा हवेतून काढायचा नाही. खुंटीवरच्या गेमशेजारी ठेवायचा: याच्यापेक्षा मला जास्त धरून ठेवलं का? परीक्षक पेपर तपासायला बसण्यापूर्वी नमुना उत्तर समोर ठेवतात, तसंच हे.

एक गोष्ट मात्र करू नका. ग्राफिक्स ८, संगीत ७, कथा ६, भागिले तीन, असं गुणपत्रक मांडू नका. 'टेट्रिस'मध्ये कथा नाही आणि चित्रं म्हणजे चौकोन. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाझितनोव यांनी तो केला आणि लोक अजून खेळतायत. बेरजेत तो नापास होईल. गेममधल्या गोष्टी एकमेकींना गुणतात: एक शून्य असली तर बाकी सगळं पाण्यात जाऊ शकतं, आणि एकच गोष्ट इतकी पक्की असू शकते की बाकी काही लागतच नाही.

आठवी पायरी: आपल्या माणसांच्या गेमला गुण देताना

'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम, २०२० चा. त्याआधी लोकवर्गणीचा प्रयत्न करून पाहिला होता, तो यशस्वी झाला नव्हता. तरी त्यांनी गेम पूर्ण केला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुण्यात बसून कोणीतरी हे केलं, याचा मला इतका अभिमान वाटला की संपवला त्या रात्री पाचपैकी पाच दिले आणि मैत्रिणीला लगेच घ्यायला लावला. तिने संपवून फोन केला: "छान आहे गं, पण हा संपला कसा? पुढे काय?" मला तो अचानक शेवट तेव्हाही खटकला होता. मी लिहिला नव्हता.

मी पुन्हा खेळले आणि नोंद नव्याने लिहिली. ती इथे पूर्ण देते, म्हणजे सगळ्या पायऱ्या एकत्र कशा येतात ते दिसेल.

'राजी. लॅपटॉपवर, कंट्रोलरने, एकटीने. पूर्ण, सुमारे सहा तास, दुसऱ्यांदा. राजी ही कसरती करणारी मुलगी. राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गेचा त्रिशूळ घेऊन ती शोधायला निघते. गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. राजवाड्याच्या भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबलं की ते त्यांतल्या कथाही सांगतात, आणि मी दर चित्रापाशी थांबले. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून येतात, ते फार देखणे. खांबावरून झेप घेऊन खाली त्रिशूळ मारताना हाताला मजा येते. पण शत्रूंची गर्दी झाली की त्याच दोन-तीन चाली चालतात, आणि कॅमेरा आपल्या हातात नसल्याने कड्याचा अंदाज चुकतो. शेवट अर्ध्या वाक्यात थांबल्यासारखा. ज्यांना आपल्या पुराणांतलं जग चालून पाहायचंय त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांना लढाईच हवी त्यांनी आधी कोणाचा तरी खेळ पाहावा. ३.'

तीन लिहिताना वाईट वाटलं. पण या नोंदीने त्या लोकांच्या कामाची कदर जास्त होते असं मला मनापासून वाटतं. पाचांत भिंतीवरची चित्रं कुठे होती?

नववी पायरी: दुसऱ्याची मजा राखा

कथेतली वळणं सांगू नका, हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही गेममध्ये शोधणं हीच मजा असते. 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) मध्ये तुम्ही काय काय करू शकता हे कळणं हाच गेम आहे. तिथे पहिल्या अर्ध्या तासात जे दिसतं त्याच्या पुढे मी काहीच लिहीत नाही. गेम जुना झाला म्हणूनही सूट नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त एका लेव्हलला वाटेत आरसा उभा राहतो. तिथे काय होतं ते मी भाच्याला सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

सोय मात्र जरूर सांगा. अक्षरं किती लहान आहेत, रंगांधळ्यांसाठी पर्याय आहे का, मध्येच सेव्ह करता येतं का. 'सेलेस्ट'मध्ये मदतीची सोय चालू केली तर गेमचा वेग कमी करता येतो, दमसास अमर्याद होतो, मरणही बंद करता येतं. हे वाचून माझ्या एका सहकाऱ्याने, ज्याच्या उजव्या हाताची शस्त्रक्रिया झाली होती, तो गेम घेतला आणि शिखरापर्यंत गेला.

शेवटचं काम: आठवडाभर थांबा, मग आकडा

गेम संपला त्या रात्री मत लिहून टाका, पण आकड्याची जागा मोकळी ठेवा. सात दिवसांनी वही उघडा, नोंद वाचा, खुंट्यांशी ताडून पाहा आणि मग आकडा भरा. माझा अनुभव असा की पाच देणार असलेल्या निम्म्या गेमना आठवड्याने चार मिळतात, आणि तीन देणार असलेला एखादा मनात घोळत राहून चारावर जातो.

वर्षभराने पुन्हा खेळलात आणि मत बदललं, तर जुना आकडा व्हाइटनरने पुसू नका. त्यावर एक सरळ रेघ मारा, म्हणजे तो खालून वाचता येईल. शेजारी नवा आकडा, तारीख आणि कशामुळे बदलला ते एका ओळीत. माझ्या वहीत 'राजी'च्या पानावर तसंच आहे: रेघ मारलेला पाच, शेजारी तीन, आणि खाली लिहिलंय, 'पुढचा भाग आला तर पहिल्या दिवशी घेणार.'